मिलिंद, हौशीच होतास तू

मिलिंद,

परवा साखर कारखान्याच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. कार्यालयातले एक गृहस्थ बोलायला उठले आणि म्हणाले, "मिलिंदराव वजनकाट्याचा कॉम्प्युटर सांभाळायचे आणि फावल्या वेळात कॉम्प्युटरवर बुद्धिबळ फार छान खेळायचे." शेजारी वैशालीवहिनी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू असतास तर मागच्या खुर्चीवरून ओरडला असतास, "मी खेळत न्हाई बे, खेळणारा बनवतो!"

खरं तर तुझ्याइतकं वाईट बुद्धिबळ खेळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अंबाजोगाईला हॉस्टेलवर आपण एका खोलीत होतो. मी केजच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा, तू नेकनूरच्या गवंड्याचा. पट माझा होता, आणि त्यातला एक काळा घोडा हरवलेला म्हणून तिथं आपण खोडरबर ठेवायचो. रोज संध्याकाळी तू हरायचास. हरलास की चिडायचा नाहीस, कुठल्या चालीपासून बिघडलं ते वहीत लिहून ठेवायचास. एकदा मी वैतागून म्हणालो, "मिल्या, तुला हे जमणार नाही, सोड." तू वही मिटलीस आणि म्हणालास, "मला जमत न्हाई हे बराबर हाय. पन काय जमत न्हाई हे मला लई चांगलं कळतंय. ते मी कॉम्प्युटरला सांगतो. त्यो न्हाई चुकनार."

कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोन तास मशीन मिळायचं. बाकीची पोरं प्रॅक्टिकल उरकून गेम खेळायची. तू कागदावर लिहून आणलेला प्रोग्रॅम टाइप करत बसायचास. पहिल्यांदा त्यानं घोडा बरोबर अडीच घरं चालवला तेव्हा तू मला मेसमधून हाताला धरून ओढत नेलं होतंस. माझ्या हाताला वरण लागलेलं होतं. लॅबचे सर रागावले, आणि तू त्यांना म्हणालास, "सर, घोडा चालला!"

त्या प्रोग्रॅमचं नाव तू 'सिंदफणा' ठेवलंस. मी म्हणालो, लोक वाघ-सिंहाची नावं ठेवतात, तू नदीचं काय ठेवतोस. तू म्हणालास, "वाघाला थांबवता येतंय. नदीला धरण बांधलं तरी ती वाट काढतीच."

पुढे मी पुण्याला गेलो, बुद्धिबळ शिकवणारी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका कंपनीत लागलो. तुला माजलगावजवळच्या कारखान्यात ऑपरेटरची नोकरी मिळाली. उसाच्या गाड्यांचं वजन नोंदवणारा प्रोग्रॅम तू लिहिलास, आणि कारखान्यात तुझी ओळख तेवढीच राहिली. सिंदफणा मात्र तू सोडला नाहीस. दर रविवारी दुपारी तुझा फोन यायचा. ख्यालीखुशाली दोन वाक्यांत संपायची, मग तासभर राजा, वजीर, प्यादी.

एका दिवाळीत मी तुझ्याकडे आलो होतो. वहिनींनी करंज्या तळायला घेतल्या होत्या आणि तू मला पडद्यापुढे बसवून डावाचा शेवट दाखवत होतास. बहुतेक प्रोग्रॅम तिथंच गडबडतात, सोंगट्या कमी झाल्या की त्यांना काय करावं कळत नाही. तू ते सोडवलं होतंस. समजावून सांगताना तू म्हणालास, "पटावर गर्दी हाय तवर राजानं घरात बसावं. मानसं कमी झाली की त्यानंच खुरपं घिऊन बांधावर जावं. आन हत्तीला मोकळं करायला एखादं प्यादं गेलं तर जाऊ द्यावं." एवढी साधी गोष्ट प्रोग्रॅमला शिकवायला तुला तीन वर्षं लागली होती. निघताना तू तो सगळा भाग पेन ड्राइव्हवर घालून माझ्या खिशात टाकलास. "निवांत बघ. कुठं चुकलंय का सांग."

मिलिंद, आता जे लिहितोय ते तुला माहीत होतं. तरी मला लिहायचंय.

मी चुका शोधल्या नाहीत. पुण्यात आमचा प्रोग्रॅम जिंकत आलेले डाव शेवटी घालवायचा. साहेब रोज विचारायचे, कधी सुधारणार? एके दिवशी मी तुझा भाग आमच्या प्रोग्रॅममध्ये घातला. वरच्या ओळीत लेखक म्हणून माझं नाव लिहिलं. प्रोग्रॅम सुधारला, मी त्या विभागाचा प्रमुख झालो. तुला रविवारी सांगितलं, "प्रमोशन झालं रे." तू वहिनींना हाक मारून फोन दिलास आणि त्यांनीही अभिनंदन केलं.

दोन वर्षांनी तू त्या स्पर्धेचा अर्ज भरलास. जगभरातले प्रोग्रॅम इंटरनेटवरून एकमेकांशी खेळतात आणि ते लिहिणारी माणसं आपापल्या घरी हाताची घडी घालून बघत बसतात, अशी ती स्पर्धा. अर्जात विचारलं होतं, हौशी की व्यावसायिक? ज्यांच्यामागे कंपनी असते, मोठी मशीनं असतात, पगारी माणसं असतात, ते व्यावसायिक. घरच्या एका कॉम्प्युटरवर स्वतःचं स्वतः लिहिणारे हौशी. खेळायचं सगळ्यांनी एकत्रच, पण हौशींमध्ये जो पहिला येईल त्याला वेगळं पदक. त्या एका प्रश्नावर आपण महिनाभर भांडलो.

"मला प्रोग्रॅम लिवायचा पगार मिळतोय की. मग मी हौशी कसा?" तू विचारलंस.

मी म्हणालो, "अरे, तो उसाचा. बुद्धिबळाचा नाही."

"पन डोकं येकच हाय ना? सकाळी काट्यावर जे शिकतो तेच दुपारी हितं वापरतो."

शेवटी तू संयोजकांनाच पत्र लिहिलंस, की मी ऊस मोजणारा प्रोग्रॅम लिहितो, मला कुठल्या खणात घालता? त्यांचं उत्तर आलं, ऊस म्हणजे बुद्धिबळ नव्हे, आपण हौशी आहात. ते उत्तर तू छापून काट्याच्या खोलीत भिंतीला चिकटवलं होतंस. ट्रॅक्टरवाले विचारायचे, सायेब हे काय? तू सांगायचास, सरकारी प्रमाणपत्र हाय.

तुझ्या वडिलांना, आबांनाही तू विचारलं होतंस. मी तेव्हा नेकनूरला तुझ्याबरोबर होतो. आबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. तू विचारलंस, "आबा, तुमी मजुरीवर लोकायची घरं बांधली आन आपलं विहार फुकट बांधलं. मग तुमी हौशी का धंदेवाईक?" आबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "वळंब्याच्या दोरीला काय कळतंय रं पैशे कुनी दिले ते. भिंत सरळ आली पायजे." तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास, जणू स्पर्धेच्या नियमावलीचा निकालच लागला.

मी मात्र मानलं नाही. मी म्हणायचो, ज्याचं पोट त्यावर चालतं तो व्यावसायिक, विषय संपला. तुझी व्याख्या वेगळी होती. "चूक सापडली की ज्याला आनंद व्हतो त्यो हौशी. तुला भ्या वाटतंय बे, म्हनून तू धंदेवाईक." तू हसत म्हणाला होतास. मला मात्र हसू आलं नव्हतं.

स्पर्धा गळीत हंगामात आली. आठवडाभर तू पहाटपाळी घेतलीस, दुपार मोकळी ठेवलीस. शेवटच्या फेरीला मी मुद्दाम माजलगावला आलो होतो. समोर परदेशातला एक नामांकित व्यावसायिक प्रोग्रॅम, आणि तुझ्याकडे टेबलफॅन लावून थंड ठेवलेला तो जुना डबा. घरात रेंज नव्हती म्हणून वहिनी मोबाइल घेऊन गच्चीच्या जिन्यात बसल्या होत्या आणि त्या जरा हलल्या की तू ओरडायचास, "वैशाली, मान हलवू नको!" वरून उत्तर यायचं, "मान हलवायला काय झालं, फोन धरलाय मी!" मध्येच लाइट गेली. इन्व्हर्टरवर मशीन चालू राहिलं, पंखा बंद पडला, आणि तू वर्तमानपत्रानं डब्याला वारा घालू लागलास.

सिंदफणाचं एक प्यादं कमी होतं. मी मनातून डाव सोडला होता. मग त्यानं आणखी एक प्यादं आपणहून देऊन टाकलं आणि हत्ती मोकळा केला. राजा घराबाहेर पडून पटाच्या मध्यावर आला. तू वारा घालायचा थांबलास. तासाभरानं डाव बरोबरीत सुटला, आणि हौशींमध्ये तू पहिला आलास. तू ओरडला नाहीस, नाचला नाहीस. खाली मान घालून म्हणालास, "गेला बघ बांधावर."

नेकनूरला बातमी तुझ्या आधी पोचली. वाचनालयात सत्कार ठरला. आबांनी नवा सदरा शिवायला टाकला.

आणि आठच दिवसांत तक्रार आली. एका परदेशी स्पर्धकानं, तोही हौशीच, सगळे डाव तपासले होते. त्याच्या लक्षात आलं की डाव संपत आला की सिंदफणाचा हत्ती पटाच्या डाव्या कडेला गेल्यावर विनाकारण एक घर मागे सरकतो. आणि पुण्याच्या कंपनीचा प्रोग्रॅमही नेमकं तेच करतो. चांगली चाल दोघांना सुचू शकते, पण सारखी चूक? संयोजकांनी तुला पत्र लिहिलं आणि आमच्या कंपनीलाही.

ती चूक तुझी होती. डावीकडच्या पहिल्या ओळीचा हिशोब लिहिताना तुझ्याकडून एक आकडा चुकला होता. मी तो तसाच उचलला होता, कारण मला तुझा भाग वापरता आला, पूर्ण समजला नव्हता.

साहेबांनी मला बोलावलं. "हे आपलंच आहे ना?" मी म्हणालो, "हो सर. मी लिहिलंय." घरी सात महिन्यांची मुलगी होती, असं कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आलोय. पण साहेबांच्या समोर बसलो होतो तेव्हा मुलगी आठवली नव्हती. फक्त भीती वाटली होती.

त्या रविवारी तुझा फोन आला.

"सुध्या, पत्र आलं का तुमच्याकडं?"

"आलं."

"तू काय म्हनलास?"

"मुलगी रडतेय रे," मी म्हणालो. तुला कळलं.

मग तू विचारलंस, "पोरगी बसाया लागली का रे?"

"हो. आधार दिला की बसते."

"बरं हाय." मग म्हणालास, "मी असं लिवतो, की शेवटाचा भाग तुझ्या मदतीनं केला. तू धंदेवाईक, म्हनून मला बी धंदेवाईकात घाला. म्हंजी मिटलं."

"मिल्या, तसं नको..."

"मग कसं बे?"

एवढंच विचारलंस तू, आणि थांबलास. मला ऐकू येत होतं, तुझ्याकडे रस्त्यावरून उसाची गाडी चालली होती, बैलांच्या घुंगरांचा आवाज पार लांब जाईपर्यंत तू थांबलास.

"ठिवतो," तू म्हणालास.

यादी बदलली. हौशींचं पदक तक्रार करणाऱ्याला गेलं आणि व्यावसायिकांच्या यादीत तळाशी तुझं नाव आलं. ज्याला बुद्धिबळातून आयुष्यात फुकटचा चहासुद्धा मिळाला नाही, त्याच्या नावापुढे 'व्यावसायिक' लागलं, आणि मी तिकडे विभागप्रमुख राहिलो. सत्कार रद्द झाला. गावात कुणीतरी म्हणालं, कॉपी केली म्हनं, म्हनून काढलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस.

पुढच्या रविवारी फोन आलाच. तू राजा-वजिराविषयीच बोललास. वर्षामागून वर्षं तसाच बोलत राहिलास. कधी मस्करीत म्हणायचास, "आमा धंदेवाईक लोकायला लई कामं असत्यात." मी हसायचो. ज्यानं तक्रार केली त्याच्याशी तर तुझी मैत्री झाली, त्याला त्याच्या प्रोग्रॅममधली चूक तू शोधून दिलीस. आणि मला? एकदा मी आडून विचारलं, तो हत्ती मागे का सरकतो रे? तू कारण सांगितलंस, कुठला आकडा, कसा बदलायचा, सगळं. दुसऱ्या दिवशी मी तो आमच्याकडे बदलला. तुझ्याकडून दुसऱ्यांदा घेतलं, तेही न सांगता. त्या वेळी तुझ्या आवाजात नाराजी शोधली होती मी. सापडली असती तर बरं वाटलं असतं.

मी रागावलोय तुझ्यावर, हेही लिहून टाकतो. एकदा शिवी द्यायची होतीस. पुण्याला येऊन कॉलर धरायची होतीस. तू फक्त वाट पाहिलीस, आणि मी ती क्षमा समजून सोयीनं घेतली.

गेल्या महिन्यातल्या शेवटच्या फोनवर आपण पुन्हा त्याच वादावर आलो होतो. आता प्रोग्रॅम स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकतात, कुणी राजाला बांधावर पाठवायचं शिकवत नाही. तू विचारलंस, "मग आता हौशी कोन बे? त्यो प्रोग्रॅम का मी?" मी म्हणालो, पुढच्या रविवारी सांगतो. त्या रविवारी मी लग्नाला गेलो होतो, फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी वहिनींचा फोन आला.

काल नेकनूरला तुझं पुण्यानुमोदन होतं. मी सकाळी केजहून जीपनं आलो. वहिनी मागच्या दारी कुणाकुणाला चहा देत होत्या. मी त्यांना बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं, पेन ड्राइव्हपासून. त्यांनी ऐकून घेतलं. हातातली किटली खाली ठेवली.

"मला म्हाईत हाय, भावजी."

"त्यानं सांगितलं?"

"न्हाई. त्या फोननंतर तीन दिस बोलले न्हाईत माझ्याशी. चौथ्या दिवशी मीच इचारलं, सुधीरभावजींनी घेतलं का? तर म्हनले, त्यो सांगंल. आपुन न्हाई म्हनायचं." त्यांनी किटलीचं झाकण लावलं. "दर रविवारी फोन ठिवला की मी बघायचे त्यांच्याकडं. ते मान हलवायचे. म्हंजी आज बी सांगितलं न्हाई."

मी म्हणालो, "वहिनी, मला माफ..."

"मला कावून सांगायलात? आबाला सांगा. ते आजून बी समजत्यात पोरानं कॉपी केली व्हती. इतक्या वर्षांत त्यो इषय काढला न्हाई त्यांनी. पोराला वाईट वाटंल म्हनून."

तू, आबा, वहिनी. तीन माणसं माझ्या एका वाक्यासाठी इतकी वर्षं एकमेकांशी गप्प होती.

वंदना झाली. भन्तेजी बोलले. मग "मित्रांपैकी कुणी दोन शब्द" असं म्हटल्यावर मी उठलो. विहारात पन्नास-साठ माणसं असतील. आबा पुढे भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी भाषण केलं नाही. आबांकडे बघून सांगितलं की मिलिंदनं कुणाची कॉपी केली नव्हती. त्यानं लिहिलेलं मी घेतलं, त्यावर माझं नाव घातलं, आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो. तो खरं बोलला असता तर माझी नोकरी गेली असती, म्हणून त्यानं पदक सोडलं. मागे कुणीतरी "अरारा" म्हणालं. वाचनालयाचे जुने सचिव खाली बघत होते.

आबांना कमी ऐकू येतं. त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, त्यानं कानात पुन्हा सांगितलं. मग आबांनी मला जवळ बोलावलं.

"म्हंजी बांधलं त्यानं, आन नाव तुमी लावलं?"

"हो, आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडतील, हाकलून देतील असं वाटलं. तेही योग्यच झालं असतं.

"मी उभ्या जल्मात कितीक घरं बांधली," ते म्हणाले, "एकावर बी माझं नाव न्हाई. गवंड्याचं नसतंयच. पन त्याचं लावा."

एवढंच. मग त्यांनी तोंड दुसरीकडे केलं आणि मला पहिल्यांदा कळलं की ते रडतायत.

रात्रीपर्यंत थांबलो तर पुन्हा हिंमत जाईल, म्हणून परतीच्या एसटीतच मोबाइलवर दोन पत्रं लिहून पाठवली. एक स्पर्धेच्या संयोजकांना. ते गृहस्थ आता म्हातारे झालेत, पण तासाभरात उत्तर आलं. लिहितात, ऊस मोजणारा माणूस मला चांगला आठवतो. जुन्या निकालाचं पान दुरुस्त करतो. त्याच्या नावापुढे आता काय लिहू? मी एक शब्द लिहून पाठवला.

दुसरं पत्र कंपनीला. कोणता भाग, कोणाचा, कधी घेतला, साहेबांना काय सांगितलं, सगळं ओळीनं लिहिलंय. खाली माझं नाव घातलं आहे. घरी बायकोला आणि मुलीलाही वाचून दाखवलं. मुलगी आता आठवीत आहे. तिनं विचारलं, "बाबा, मग मिलिंदकाका तुमच्याशी बोलायचे कसे?"

आज सकाळी कंपनीच्या वकिलांचा फोन आला. सोमवारी अकरा वाजता बोलावलंय.

मला अजूनही भीती वाटतेय, मिल्या. पण जाणार आहे.

सुधीर